टंचाईच्या गावात टिकणारी बाग : पाणी साठविणाऱ्या शोभेच्या वनस्पती

शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, पंचायत समिती यांसारख्या सार्वजनिक इमारतींच्या आवारात चार झाडे, थोडी फुले आणि डोळ्यांना विसावा देणारी हिरवाई असावी, ही अपेक्षा आता सर्वमान्य झाली आहे. दर पावसाळ्यात अशा आवारांत मोठ्या उत्साहाने रोपे लावली जातात. राज्याच्या अवर्षणप्रवण भागात मात्र या उत्साहाचे फळ पुष्कळदा पुढील उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही. मार्च उजाडतो, विहिरींचा तळ दिसू लागतो, गावात टँकर येऊ लागतो आणि कार्यालयापुढील कुंड्यांमध्ये वाळलेल्या काड्या तेवढ्या उरतात. याचा दोष शिपायाच्या हयगयीला किंवा विद्यार्थ्यांच्या दुर्लक्षाला देण्याची प्रथा आहे. वास्तविक चूक पुष्कळ आधी, म्हणजे रोपांची निवड करतानाच झालेली असते. ज्या ठिकाणी वर्षातील सात-आठ महिने पाण्याची ओढ असते, तेथे रोज पाणी मागणारी झाडे लावली, तर ती जगविणे कोणालाही अवघडच जाणार.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव हे जिल्हे आणि सातारा-सांगली जिल्ह्यांचा माण, खटाव, आटपाडी, जत हा पूर्वभाग येथे, पाऊस कमी आणि बेभरवशाचा असतो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण या भागात अद्याप पुसली गेलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. अशा प्रदेशात बाग हा विषय केवळ सौंदर्याचा राहत नाही. तो पाण्याच्या न्याय्य वाटपाचाही विषय ठरतो.

पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला एक लिटर पाणी होय. हिरवळीला उन्हाळ्यात रोज केवळ ५ मिलिमीटर पाणी दिले, असे धरले तरी १०० चौरस मीटरच्या लहानशा हिरवळीला दररोज ५०० लिटर पाणी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले. त्या मानाने पाहता ही हिरवळ रोज नऊ माणसांचे पाणी पिते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या १२० दिवसांत हा आकडा ६० हजार लिटरवर, म्हणजे १० हजार लिटरच्या सहा टँकरवर जातो.

आता याच आवारात पाणी साठविणाऱ्या वनस्पतींच्या १०० कुंड्या ठेवल्या आणि प्रत्येक कुंडीस पंधरा दिवसांतून एकदा एक लिटर पाणी दिले, तर त्याच १२० दिवसांत आठ पाळ्या होतात आणि एकूण ८०० लिटर पाणी लागते. कुंड्यांनी हिरवळीइतकी जमीन झाकली जात नाही, हे खरे. परंतु इमारतीचे दर्शन प्रसन्न करावे, हा हेतू त्यांनी निश्चितपणे साधतो, आणि तोही पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या ग्रामस्थांसमोर संकोच वाटू न देता.

पाणी साठविण्याची निसर्गाची रीत

कोरड्या प्रदेशात तग धरणाऱ्या वनस्पतींना मरुवनस्पती म्हणतात. त्यांपैकी ज्या आपल्या पानांत, खोडात किंवा मुळांत पाण्याचा साठा करतात, त्यांना मांसल वनस्पती असे नाव आहे. कोरफडीचे पान मोडल्यावर दिसणारा गर हा असाच साठा होय. या वनस्पतींच्या पानांवर बहुधा मेणचट थर असतो, त्यामुळे उन्हाने होणारी पाण्याची वाफ कमी होते.

यांपैकी अनेक वनस्पतींनी आणखी एक उपाय योजिला आहे. सर्वसाधारण झाडे पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रे दिवसा उघडतात आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात. परंतु दार उघडले की आतील ओलावाही बाहेर पडतो. कोरफड, घायपात, पानफुटी, स्नेक प्लांट आणि आपल्या परिचयाचा अननस या वनस्पती दिवसा ही दारे बहुतांशी बंद ठेवतात. रात्री हवा थंड झाल्यावर त्या पर्णरंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. दिवसा दारे मिटून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने या साठ्यातून अन्न तयार केले जाते. पानफुटी ज्या क्रॅस्युलेसी कुलात मोडते, त्या कुलावरून या क्रियेस क्रॅस्युलेसी आम्ल चयापचय असे नाव मिळाले.

या शोधाच्या प्रारंभीच्या इतिहासात भारताचा संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना असे आढळले की, पानफुटीचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी ते बेचव होते आणि सायंकाळी किंचित कडवट लागते. त्यांचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत १८१५ साली प्रसिद्ध झाले. पानांत रात्री साठणाऱ्या आणि दिवसा खर्ची पडणाऱ्या आम्लाची ही साधी ओळख होती.

शाळेत करण्यासारखे दोन प्रयोग

हाइन यांचे निरीक्षण शाळेत पडताळून पाहता येते. मात्र पाने चाखून पाहू नयेत, कारण पानफुटीतील काही द्रव्ये विषारी आहेत. उन्हात वाढलेल्या पानफुटीची पाने सूर्योदयापूर्वी तोडावीत. ठराविक वजनाची पाने ठराविक ऊर्ध्वपातित पाण्यात वाटून त्या रसात आम्लता दर्शविणारा रंगपट्टीचा कागद बुडवावा. त्याच झाडाची तेवढ्याच वजनाची पाने दुपारी चार वाजता तोडून हीच कृती करावी. सकाळचा रस अधिक आम्ल असल्याचे कागदाच्या रंगावरून दिसून येते. साध्या निळ्या लिटमसने दोन्ही वेळा तांबडा रंग येऊ शकतो, म्हणून छटा दाखविणारी रंगपट्टीच वापरावी. तुलनेसाठी जास्वंदीची पानेही घ्यावीत.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. जास्वंदीच्या फांदीवर आणि स्नेक प्लांटच्या एका पानावर पारदर्शक पिशव्या चढवून तोंडे दोऱ्याने बांधावीत आणि दोन्ही झाडे काही तास मंद उन्हात ठेवावीत. जास्वंदीच्या पिशवीत पाण्याचे थेंब स्पष्ट दिसू लागतात. स्नेक प्लांटच्या पिशवीत ते फारच कमी असतात. कोणते झाड किती पाणी हवेत सोडते, हे समजावून सांगण्यास याहून वेगळ्या साधनाची आवश्यकता नाही.

स्नेक प्लांट

उभ्या तलवारीसारखी, हिरव्या-करड्या आडव्या पट्ट्यांची पाने असलेली ही वनस्पती बहुतेक रोपवाटिकांत मिळते. काही प्रकारांत पानांना पिवळी किनार असते. तिचे मूळ स्थान पश्चिम आफ्रिकेत नायजेरियापासून कांगोपर्यंतच्या प्रदेशात आहे. तिचे शास्त्रीय नाव दीर्घ काळ सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा असे होते. वंशसंबंधांच्या नव्या अभ्यासानंतर २०१७ पासून तिचा समावेश ड्रॅसीना या प्रजातीत केला जातो. तथापि रोपवाटिकांत जुनेच नाव अधिक प्रचलित आहे.

याच गटातील एक जाती भारताच्या पूर्व किनाऱ्याकडील प्रदेशात नैसर्गिकरीत्या वाढते. तिच्या पानांतून निघणाऱ्या बळकट धाग्यापासून पूर्वी धनुष्याची प्रत्यंचा करीत. संस्कृत ग्रंथांतील मूर्वा म्हणजे हीच वनस्पती असावी, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे वनस्पतींचा हा गट भारताला सर्वस्वी अपरिचित नाही.

स्नेक प्लांट कार्यालयाच्या कमी उजेडाच्या व्हरांड्यातही जगतो. जगतो याचा अर्थ तेथे तो जोमाने वाढतो असा मात्र नाही. दोन-तीन आठवड्यांनी कुंड्यांची अदलाबदल करून प्रत्येक कुंडीला काही काळ उजळ जागा मिळेल, अशी व्यवस्था करावी. सकाळचे ऊन त्याला मानवते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हात पानांवर करपल्याचे डाग पडतात.

पोनीटेल पाम

नावात पाम असले तरी ही वनस्पती ताड-माडांच्या कुलातील नाही. ती ॲस्पॅरागेसी कुलातील आहे. म्हणजे आपली शतावरी, घायपात आणि वर उल्लेखिलेला स्नेक प्लांट हे तिचे नातलग होत. अनेक रोपवाटिकांत ती नोलिना या जुन्या नावाने विकली जाते. सुरईसारखा फुगीर बुंधा आणि माथ्यावरून घोड्याच्या शेपटीप्रमाणे खाली झेपावणारी लांब, अरुंद पाने यांमुळे ती सहज ओळखता येते. फुगीर बुंधा हीच तिची पाण्याची टाकी होय.

ही वनस्पती मूळची पूर्व मेक्सिकोतील कोरड्या वनांमधील आहे. तेथे तिचे मोठे वृक्ष होतात. कुंडीत मात्र ती अनेक वर्षे माणसाच्या उंचीच्या आतच राहते. तिची वाढ अतिशय मंद असते. आज लावलेले रोप पुढच्या वर्षी दुप्पट होईल, अशी अपेक्षा धरू नये. परंतु एकदा स्थिरावलेले झाड अनेक दशके टिकते. शाळेत पहिलीत आलेल्या मुलाने लावलेले रोप तो दहावी उत्तीर्ण होईपर्यंत त्याच कुंडीच्या परिसरात वाढताना पाहू शकतो. तिला भरपूर प्रकाश हवा. व्हरांड्याच्या कडेची किंवा आवारातील उघडी, उंचवट्याची जागा तिला योग्य ठरते.

शोभेसाठी होणाऱ्या मागणीमुळे मेक्सिकोतील रानांतून तिची रोपे व बी यांची बेकायदेशीर तोड झाली. म्हणून २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत या संपूर्ण प्रजातीचा समावेश संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेलीच रोपे विकत घ्यावीत, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

परिचयाच्या इतर वनस्पती

कोरफड आणि पानफुटी या वनस्पती गावातच कोणाच्या तरी परसात उपलब्ध असतात. त्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. घायपात मूळची मेक्सिकोकडील असली तरी महाराष्ट्रात बांधावर कुंपणासाठी ती पूर्वापार लावली जाते. तिच्या पानांची टोके भाल्यासारखी असल्यामुळे मुलांच्या वाटेवर ती नसावी. फुगीर बुंध्याचे आणि गुलाबी फुलांचे अडेनियम कडक उन्हात उत्तम फुलते आणि फुलांची हौस कमी पाण्यात भागविते.

महाराष्ट्राची स्वतःची अशी एक मांसल वनस्पती येथे उल्लेखनीय आहे. जुन्नर परिसरातील डोंगरांवर एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांना ती आढळली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव देण्यात आले. मराठीत ती शिंदळ माकुडी या नावाने ओळखली जाते. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर वाढणारी, पिवळ्या ठिपक्यांच्या लालसर फुलांची ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या आढळत नाही. ती दुर्मिळ असल्यामुळे डोंगरावरून उपटून आणणे सर्वथा अनुचित होय. शाळेच्या सहलीत ती दिसल्यास तिचे छायाचित्र घ्यावे आणि तिला तेथेच राहू द्यावे.

माती आणि कुंडी

मांसल वनस्पतींना जमिनीतील ओलाव्यापेक्षा निचऱ्याची गरज अधिक असते. राज्याच्या मोठ्या भागातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर तडकते. ती एकटी या वनस्पतींस उपयोगी नाही. एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण करावे. विटांचे बारीक तुकडेही चालतात. ताजे शेण मुळीच घालू नये.

मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या भिंतींतून जादा ओल निघून जाते. तळाला छिद्र असणे अत्यावश्यक आहे. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवून मिश्रण भरावे. रोपाच्या मानाने फार मोठी कुंडी घेऊ नये. मोठ्या कुंडीतील माती लवकर वाळत नाही आणि मुळे कुजतात. पोनीटेल पामचा फुगीर बुंधा मातीत गाडू नये, तो मातीच्या वरच राहिला पाहिजे. जमिनीत लागवड करावयाची असल्यास वीतभर उंचीचा वाफा करून त्यावर ती करावी.

पाणी किती आणि केव्हा

या वनस्पती पाण्याच्या अभावाने क्वचितच मरतात. बहुतेक वेळा त्या पाण्याच्या अतिरेकाने मरतात. माया म्हणून रोज घातलेले तांब्याभर पाणी त्यांना घातक ठरते. पाणी देण्यापूर्वी बोटभर लांबीची कोरडी काडी मातीत खोचून पाहावी. काडीला ओली माती चिकटली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. द्यावयाचे तेव्हा तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे आणि पुन्हा माती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. पाणी बुंध्याशी मातीत द्यावे. स्नेक प्लांटच्या पानांच्या बेचक्यात ते साचू देऊ नये.

वर्षाचे वेळापत्रक स्थूलमानाने असे ठेवता येईल. फेब्रुवारी ते मे या काळात सुमारे पंधरा दिवसांनी एक पाळी द्यावी. कुंडी लहान आणि उन्हात असल्यास थोडी आधी. जून ते सप्टेंबरमध्ये पावसाची सर लागत असेल तर पाणी बंद ठेवावे आणि झड लागल्यास कुंड्या पागोळ्यांपासून दूर, छताखाली घ्याव्यात. ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांनी एक पाळी पुरते. नोव्हेंबर ते जानेवारी या थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा दिलेले पाणी पुष्कळ होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा हीच या वनस्पतींची खरी परीक्षा असते. तेथे त्या छताखालीच ठेवाव्यात. नाशिक, धुळे यांसारख्या जिल्ह्यांत कडाक्याच्या थंडीत स्नेक प्लांट उघड्यावर ठेवू नये.

कूपनलिकेच्या खारट पाण्याने मातीवर पांढरा थर जमतो. पावसाळ्याच्या आरंभी अशा कुंड्या एक-दोन मोठ्या सरींत भिजू दिल्यास क्षार धुऊन जातात. कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये. त्याने मुळे कुजतात आणि डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदासही होते.

रोपे तयार करणे

स्नेक प्लांटची वाढ जमिनीखालील मूलक्षोडापासून होते. कुंडी भरली म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी झाड बाहेर काढावे, मुळे व पाने असलेले भाग धारदार सुरीने वेगळे करावेत, काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावेत आणि मग लावावेत. पानांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. आठ ते दहा सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून, सुकवून, वाळूत उभे रोवावेत. पानाची जी बाजू मुळाकडे होती, तीच खाली राहिली पाहिजे. उलटा रोवलेला तुकडा रुजत नाही. म्हणून कापतानाच खालच्या टोकाला खूण करावी. मुळे फुटण्यास महिना-दोन महिने लागतात, तोपर्यंत वाळू किंचित ओलसर ठेवावी.

पिवळ्या किनारीच्या प्रकाराचे पान लावले, तर नवी रोपे साधी हिरवी निपजतात. किनार टिकवावयाची असेल तर विभाजनाचीच पद्धत अवलंबावी. विद्यार्थ्यांनी दोन्ही पद्धतींनी रोपे करून हा फरक स्वतः पाहावा. पोनीटेल पामची रोपे मुख्यतः बियांपासून होतात आणि त्यास दीर्घ काळ लागतो. म्हणून ती तयार घेणेच सोयीचे.

कीड, रोग आणि दक्षता

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजविलेल्या फडक्याने तो पुसून काढावा आणि गरज पडल्यास निंबोळी तेलाचे पातळ द्रावण सायंकाळी फवारावे. खवले किडीवरही हाच उपाय चालतो. पानांचा बुडखा मऊ, पिवळट आणि दुर्गंधीयुक्त झाला तर मुळे कुजत आहेत, असे समजावे. पाणी तत्काळ थांबवून झाड उपटावे, कुजलेला भाग कापून टाकावा, उरलेला सुकवून नव्या मातीत लावावा.

आवारात लहान मुले व जनावरे वावरतात, याचा विचार निवडीच्या वेळीच व्हावा. स्नेक प्लांटच्या पानांत सॅपोनिन द्रव्ये असतात. पाने चघळल्यास मळमळ व उलट्या होऊ शकतात. अडेनियमचा चीक हृदयावर परिणाम करणारा आणि विषारी आहे. शेर आणि निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाच्या अन्य जातींचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा यांच्या आवारात असे प्रकार टाळावेत किंवा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावेत.

जी वनस्पती पाण्यावाचून जगते, ती नको तेथेही जगते, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेतून आलेल्या निवडुंगाने देशातील शेते व कुरणे व्यापली होती. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेहून आणलेल्या कोचिनील किड्याच्या साहाय्याने दक्षिण भारतातील त्याचा प्रसार आटोक्यात आणावा लागला. म्हणून छाटलेले तुकडे व नको असलेली रोपे ओढ्यात, गायरानात किंवा वनक्षेत्रात टाकू नयेत.

दोन गैरसमज

स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडतो, असा प्रचार सर्वत्र आढळतो. ही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते, एवढे खरे. परंतु प्राणवायूची निर्मिती प्रकाशाच्या साहाय्यानेच होते. अंधारात ती कोणत्याही झाडाकडून होत नाही. शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून द्यावा.

दुसरा समज खोलीतील हवा शुद्ध होण्याविषयीचा आहे. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी वुल्व्हर्टन यांनी बंदिस्त पेट्यांमध्ये झाडांवर प्रयोग केले. काही दूषित वायू कमी झाल्याचे त्यांत दिसले. तथापि घर किंवा कार्यालय म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली कमिंग्ज आणि वॅरिंग या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी केली. खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कोंदट वर्गखोलीवरचा उपाय खिडकी उघडणे हाच आहे. कुंडी ठेवणे हा नव्हे.

गावपातळीवरील नियोजन

अशा बागेस मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. पहिल्या वर्षी स्नेक प्लांटची दहा-बारा जोमदार झाडे मातृरोपे म्हणून घ्यावीत; कोरफड व पानफुटी गावातून मिळवावी; पोनीटेल पामची दोन-चार रोपे दर्शनी जागेसाठी आणावीत. दुसऱ्या पावसाळ्यापासून विभाजनाने रोपांची संख्या वाढविता येईल. हे काम महिला बचत गटाकडे सोपविल्यास शेजारच्या गावांना रोपे विकून थोडे उत्पन्नही होऊ शकेल. शाळेत प्रत्येक वर्गाकडे ठराविक कुंड्या देऊन पाणी दिल्याची तारीख वहीत नोंदविण्याची पद्धत ठेवावी. दोन व्यक्तींनी एकाच दिवशी पाणी घालण्याचा धोका त्यामुळे टळतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत कोणी, कोणत्या तारखेस पाणी द्यावयाचे, हेही आधीच ठरविता येते. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी आणि जल या दोन्ही तत्त्वांचा विचार आहे. बागेची आखणी करताना या दोहोंची सांगड घालता येईल.

या वनस्पतींच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. त्या सावली देत नाहीत, चारा देत नाहीत, फळे देत नाहीत. कडुनिंब, वड, चिंच, बाभूळ यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत आणि वृक्षलागवडीच्या उद्दिष्टात त्यांची गणना करणे योग्य होणार नाही. आवारातील मोठ्या वृक्षांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी देऊन जगवावे लागते. हिरवळीवर आणि नाजूक फुलझाडांवर खर्च होणारे पाणी वाचले, तर तेच पाणी या रोपांना देता येईल. कुंडीतील स्नेक प्लांटमुळे दारातील कडुनिंब जगला, तर तो या बागेचा सर्वांत मोठा लाभ मानावा लागेल.

कोणते झाड लावावयाचे, हे ठरविण्यापूर्वी मे महिन्यात त्याला देण्यासाठी किती पाणी शिल्लक राहणार आहे, हा प्रश्न ग्रामसभेत, शाळा समितीत आणि कार्यालयात प्रथम विचारला गेला पाहिजे. त्याचे प्रामाणिक उत्तर देऊन केलेली बाग लहान असली तरी चालेल. उद्घाटनाच्या दिवशीपेक्षा उन्हाळ्याच्या अखेरीस ती कशी दिसते, यावरच तिचे यश मोजले जावे.